चौकोन, वही आणि पत



वसंतातल्या या ज्ञानसत्रात इतिहास, संतवाङ्मय, राज्यकारभार अशा थोर विषयांची परंपरा आहे. त्या पंक्तीत आज मी बोटभर कागदाच्या तुकड्याला आणून बसवीत आहे. पण हा तुकडा आपण सर्वांनी सभागृहात येता येताच पाच-पन्नास वेळा पाहिला असेल. भाजीच्या गाडीवर, वडापावच्या काचेवर, चांभाराच्या पेटीवर, गजरेवालीच्या टोपलीला दोऱ्याने बांधलेला असा तो काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन! शास्त्रीय भाषेत त्याला क्यूआर कोड म्हणतात. आपल्या उपनगरांतले लोक मात्र सरसकट ‘स्कॅनर’ म्हणतात. वास्तविक स्कॅनर आपल्या हातातला फोन. भिंतीवर चिकटलेले ते नुसते चित्र. परंतु लोकांनी एकदा नाव ठेवले की पंडितांनी वाद घालू नये.

आजचा माझा प्रश्न साधा आहे. मुलुंडचे पोळी-भाजी केंद्र, बोरिवलीचा शिंपी, घाटकोपरचा फरसाणवाला, अंधेरीचा लहान कारखानदार यांचा धंदा या चौकोनाने वाढतो काय? आणि वाढत असेल तर कशाने वाढतो?

प्रथम या चौकोनाची जन्मकथा पाहू. दुकानातल्या मालावर उभ्या रेघांची पट्टी असते, ती आपल्या परिचयाची आहे. 26 जून 1974 रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात चघळण्याच्या गोंदाच्या एका पुड्यावरची पट्टी दुकानाच्या गल्ल्यावर पहिल्याने वाचली गेली. या पट्टीची अडचण ही की तिच्यात माहिती फार थोडी मावते. जपानमध्ये मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या डेन्सो या कंपनीत कामगारांना एकेका खोक्यावरच्या अनेक पट्ट्या वाचीत बसावे लागे. तेथील मासाहिरो हारा या इंजिनिअराने 1994 साली आडवी आणि उभी अशा दोन्ही दिशांनी माहिती साठविणारा हा चौकोन तयार केला. ‘गो’ नावाच्या पटावरील काळ्यापांढऱ्या सोंगट्यांवरून त्याला ही कल्पना सुचली. तीन कोपऱ्यांत जे मोठे चौकोन दिसतात, त्यांतील काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे प्रमाण 1:1:3:1:1 असे मुद्दाम निवडलेले आहे. कारण छापील मजकुरात ते सहसा आढळत नाही. त्यामुळे कागद उलटा धरा, तिरपा धरा, यंत्राला चौकोन अचूक सापडतो. शिवाय त्यात माहितीची पुनरुक्ती अशी केलेली असते की, सर्वांत भक्कम प्रकारात सुमारे 30 टक्के भाग मळला वा फाटला तरी वाचन होते. आपल्या पावसाळ्यासाठीच जणू काही ही सोय केलेली आहे!

आणि या कथेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, कंपनीने पेटंट घेतले, पण ते गाजविले नाही. हा चौकोन कोणीही बनवावा, कोणीही वाचावा, दाम द्यावा लागणार नाही, अशी मोकळीक ठेवली. विद्या वाटल्याने वाढते हे सुभाषित आपण पाठ करतो. येथे ते व्यवहारात दिसले.

हा कारखान्यातला चौकोन आपल्या गल्ल्यावर आला तो मात्र मुंबईच्या मार्गाने. बँकांनी मिळून उभारलेल्या राष्ट्रीय देयक महामंडळाची यूपीआय ही पद्धत 11 एप्रिल 2016 रोजी, रघुराम राजन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असताना, याच शहरात जाहीर झाली. त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला नोटाबंदी झाली आणि सुट्या पैशांसाठी कासावीस झालेल्या दुकानदाराने हा चौकोन भिंतीवर लावला. परंतु प्रारंभी प्रत्येक कंपनीचा चौकोन निराळा असे. दुकानाच्या काचेवर चार-चार चौकोन, आणि गिऱ्हाईक विचारी, ‘यातला माझा कोणता?’ हा गोंधळ निस्तरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने 2019 साली एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते आपल्या शेजारच्या पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक दीपक फाटक. 2020 साली समितीचा अहवाल आला, आणि त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने आदेश काढला की 31 मार्च 2022 पर्यंत सर्वांनी परस्परांना चालतील असेच चौकोन वापरावेत. आज कोणत्याही बँकेचे गिऱ्हाईक कोणत्याही दुकानी पैसे देऊ शकते, याच्या मागे हा निर्णय आहे. ऑगस्ट 2025 या एका महिन्यात यूपीआयवर 2,000 कोटींहून अधिक व्यवहार झाले, हा आकडा मग नवलाचा वाटत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पैसे घेण्याची सोय झाली म्हणजे धंदा वाढला काय? मला वाटते, नाही. शेजारच्या दुकानावरही तोच चौकोन आहे. जे सर्वांपाशी आहे ते कोणाचेच वैशिष्ट्य नव्हे. सुटे पैसे नाहीत म्हणून परत जाणारे गिऱ्हाईक थांबले, एवढा लाभ खरा. पण तो एकदाच मिळतो. पुढची वाढ चौकोनात नाही, चौकोनाच्या मागे आपण काय ठेवतो त्यात आहे. चौकोन हे दार आहे. दार कितीही सुबक असले तरी घर रिकामे असेल तर पाहुणा परत फिरतो.

दारामागे काय ठेवावे? पोळी-भाजी केंद्राने आजची भाजी आणि उद्याची मागणी नोंदविण्याची सोय ठेवावी. दिवाळीचा फराळ करणाऱ्या भगिनीने चकलीच्या डब्यावर असा चौकोन लावावा, की डबा संपता संपता पुढची मागणी तिच्याच फोनवर यावी. डबा एकाच्या घरी जातो, पण तो फोडताना चार पाहुणे बसलेले असतात. अंधेरीच्या मरोळ भागातल्या गाळेवाल्याने खोक्यावर मालाचे माप, धातू आणि तारीख सांगणारा चौकोन लावावा. म्हणजे जपानी कारखान्यातले मूळ काम तो आपल्या गाळ्यात करील. गिऱ्हाइकाला माहितीचा हक्क आहे, हे तत्त्व तर आता कायद्याने मान्य केले आहे. 1 ऑगस्ट 2023 पासून महारेराने घरांच्या जाहिरातींवर चौकोन सक्तीचा केला, आणि त्याच दिवसापासून देशातील ठरावीक 300 औषधांच्या वेष्टनांवरही सांकेतिक खूण आली. बिल्डराला जे सक्तीने करावे लागते ते लहान दुकानदाराने आपखुशीने केले, तर विश्वास कोणाचा वाढेल?

एक-दोन व्यावहारिक सूचना येथेच करतो. छापलेला चौकोन बदलता येत नाही. म्हणून त्यात भाव कोंबू नयेत, भाव जेथे लिहिले आहेत त्या पानाचा पत्ता ठेवावा. ते पान आपल्या ताब्यातले असावे. काही कंपन्या मधला पत्ता भाड्याने देतात; भाडे थकले की हजार डब्यांवरचे चौकोन एका रात्रीत मुके होतात. चौकोनाभोवती पांढरी मोकळी जागा सोडावी, रंग पांढऱ्यावर काळा ठेवावा. जितक्या अंतरावरून वाचायचा त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी तरी त्याची रुंदी असावी. आणि छापण्यापूर्वी शेजाऱ्याच्या जुन्यात जुन्या फोनवर तो वाचून पाहावा.

सावधगिरीचाही एक शब्द सांगितला पाहिजे. रात्री कोणी आपल्या चौकोनावर दुसरा चिकटवून गेला, तर दिवसभराची विक्री त्याच्या खात्यात जाते. म्हणून सकाळी दिवा लावताना चौकोनावरून बोट फिरवावे, आणि एक रुपया पाठवून नाव पाहावे. पैसे आल्याचे चित्र गिऱ्हाइकाने दाखविले, तरी आपल्या खात्याचा निरोप आल्यावाचून माल देऊ नये. आणि हे तर पाटीवर लिहून ठेवा, की पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. जो पिन मागतो तो पैसे देत नसतो, नेत असतो. फसगत झालीच तर 1930 या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

आता मी खऱ्या मुद्द्याशी आलो. चौकोनाचा सर्वांत मोठा गुण असा की तो नोंद ठेवतो. आणि अनेकांना नेमके याचेच भय वाटते. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून लहान विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बंगळूरच्या कित्येक दुकानांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. ते भय अकारण होते असे मी म्हणणार नाही. लहान माणसाला सरकारी कागदाची धास्ती वाटते, आणि त्याची कारणे आहेत. परंतु कायदा काय म्हणतो तेही पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्यास वर्षाच्या 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत आणि सेवा देणाऱ्यास 20 लाखांपर्यंत सामान्यतः नोंदणी लागत नाही, आणि ताज्या भाजीवर करच नाही. ही मर्यादा रोखीलाही तीच आहे. म्हणजे चौकोन काढल्याने कर टळत नाही, फक्त वही नाहीशी होते. नोटिशीला उत्तर देण्याचे साधन म्हणजे तीच वही! घरच्या उसनवारीचे आणि दुकानाचे पैसे एकाच खात्यात मिसळले, तर मात्र ती वही आपलीच वैरीण होते. म्हणून धंद्याचे खाते वेगळे असावे, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन.

वहीतून पत निर्माण होते. 2020 साली सुरू झालेल्या स्वनिधी योजनेत फेरीवाल्याला प्रथम 10,000 रुपयांचे कर्ज मिळे, ते नियमाने फेडले की 20,000, मग 50,000. आणि चौकोनावरून व्यवहार केल्यास वर्षाकाठी काही रक्कम परत मिळे. 2025 साली पहिला हप्ता 15,000 करण्यात आला. ज्याच्यापाशी तारण नाही, त्याची रोजची विक्री हेच तारण, ही या योजनेमागची दृष्टी आहे. सावकाराच्या दारी जाणाऱ्याला ही दृष्टी केवढी मोलाची!

आणि म्हणूनच एक प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो. पहाटे चारला उठून कणीक मळणारी बाई ज्या केंद्राची मालकीण आहे, त्या केंद्राच्या भिंतीवरचा चौकोन कोणाच्या नावाचा आहे? नीट पाहा. पुष्कळ ठिकाणी तो नवऱ्याच्या वा मुलाच्या नावाचा असतो. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. फोन त्याचा होता, बँकेत तो गेला, एवढेच. पूर्वी रोख पैसे निदान तिच्या डब्यात तरी पडत. आता ते सरळ दुसऱ्याच्या खात्यात पडतात, आणि दहा वर्षे राबूनही बँकेच्या दृष्टीने तिने एक रुपयाही मिळविलेला नसतो. कर्ज मागायला गेली तर वही त्याची, पत त्याची. तिचे केवळ श्रम. ज्या साधनाने तिला स्वतंत्र पत यावी त्यानेच तिचे नाव पुसले जावे, हा दोष यंत्राचा नव्हे, आपल्या सवयीचा आहे. तो दुरुस्त करायला कायदा नको, क्रांती नको. तिच्या नावाचे खाते, तिच्या हातातला फोन आणि एक नवा कागद पुरे.

मोठ्या कंपन्या दहा मिनिटांत माल घरपोच देतात. त्या वेगाशी गल्लीतला दुकानदार धावून स्पर्धा करू शकणार नाही. त्याचे बळ ओळखीत आहे. कोणाच्या घरी साखर वर्ज्य आहे, कोणाची मुलगी बाळंतपणाला आली आहे, हे त्याला ठाऊक असते. या ओळखीला वहीची जोड मिळाली, आणि वहीला कष्ट करणाऱ्याचे नाव मिळाले, तर हा चौकोन त्याच्या उपयोगी पडेल. नुसता भिंतीवर चिकटविला तर तो दुसऱ्याच कोणाची तरी वही भरीत राहील.

उद्या सकाळी आपण दूध, भाजी, पोळी घ्यायला जाल. फोन पुढे कराल तेव्हा पडद्यावर उमटणारे नाव क्षणभर वाचा, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहा. ती दोन्ही एकच असावीत, एवढीच माझी इच्छा आहे.