मोजून आणलेली भांडी

लग्नघरी भाड्याची भांडी मोजून आणतात आणि मोजूनच परत करतात. एक पळी कमी भरली तरी शोधाशोध सुरू होते. ऑपरेशन थिएटर टेक्निशियनच्या शिक्षणाचं मर्म श्रोत्यांना या मोजदादीतूनच चटकन कळेल.

सुरुवात होते ती हात धुण्यापासून. बोटं वर, कोपर खाली, म्हणजे पाणी कोपराकडे ओघळतं. निर्जंतुक गाउन-हातमोजे चढले की सोवळ्यातल्या माणसासारखं वागायचं. हात कमरेखाली न्यायचे नाहीत. अवजारं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकरच, १८७९ साली फ्रान्सच्या शार्ल शांबरलाँ यांनी घडवलेला. दाबाखालची वाफ त्यात १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापते. तो गच्च भरला तर वाफ सगळीकडे पोचत नाही.

आता मोजदाद. पोटात रक्त टिपायला ठेवलेला मॉप भिजला की आतड्यांत दिसेनासा होतो, कसलेल्या सर्जनलासुद्धा. म्हणून त्यात एक्स-रेत दिसणारा धागा असतो. पण भरवसा ठेवायचा तो मोजणीवर. शस्त्रक्रियेआधी मोजायचं, पोट बंद करण्याआधी मोजायचं, कातडी शिवताना पुन्हा मोजायचं. दोघांनी, मोठ्याने. मनात नाही, मोठ्याने!

आकडा जुळला नाही, तर विशीतल्या टेक्निशियनने ज्येष्ठ सर्जनला ‘सर, थांबा, एक मॉप कमी आहे’ असं सांगायचं असतं. मग बादल्या उपसायच्या, चादरी झटकायच्या, तरीही सापडला नाही तर एक्स-रे. हे ‘थांबा’ म्हणणंच मुलांना सर्वांत जड जातं. मोठ्यांपुढे बोलू नये, असं घरोघरी शिकवलं जातं. पालकांनी याचा जरा विचार करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८च्या, सुरक्षित शस्त्रक्रियेसाठीच्या १९ मुद्द्यांच्या यादीत छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, असा एक मुद्दा आहे. एकदा नाव उच्चारलं की पुढे तोंड उघडायला बळ येतं. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरली गेली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यांवर आलं.

वेळ संपत आली, म्हणून प्रवेशाबद्दल थोडक्यात. बहुतेक ठिकाणी बारावी सायन्स, जीवशास्त्रासह. पुढे पदविका किंवा बी.एस्सी. या क्षेत्रासाठी २०२१मध्ये केंद्रीय कायदाही झाला. कॉलेज निवडताना फीच्या आधी एक विचारावं : प्रत्यक्ष थिएटरमध्ये किती महिने उभं राहायला मिळेल?