दुकानाची वही आणि बँकेचे कर्ज

आष्टी म्हटले की पुष्कळांना बीडची आष्टी आठवते. मी बोलतो आहे ती परतूर तालुक्यातली, जालना जिल्ह्यातली. तिथला एखादा किराणा दुकानदार घ्या. पेरणीपासून गिऱ्हाईक उधारीवर माल नेते आणि कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आला की फेडते. मधले चार-पाच महिने दुकान भरायचे कशाने?

पूर्वी सावकार होता. १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात व्यापारी बँकांचा वाटा शेकडा एकसुद्धा भरला नाही! सावकाराला तुमची वही लागत नसे. तो तुमचे घर ओळखत होता, अन् जमीनही. बँकेचा साहेब परगावचा, दोन-तीन वर्षांत बदलून जाणारा. त्याने तुम्हाला ओळखावे ते वहीवरूनच.

आता आकडे पाहा. छोट्या कारखान्यांना वार्षिक विक्रीच्या पाचव्या हिश्शाइतके खेळते भांडवल बँकेने द्यावे, असे नायक समितीने १९९२ मध्ये सुचवले. हाच आडाखा पुढे बऱ्याच बँकांनी व्यापारालाही लावला. विक्री येत्या वर्षाची धरतात. पण ती खरी की फुगवलेली, हे मागच्या वहीवरूनच ठरते. बारा लाखांची विक्री असलेल्याने कराच्या धाकाने सहाच लाख लिहिले, तर दोन लाख चाळीस हजारांऐवजी एक लाख वीस हजार मिळतील. उरलेले शेकडा तीन रुपये महिन्याने कुणाकडून उचलले, तर महिना छत्तीसशे रुपये नुसते व्याज. आणि कर तरी किती? छोट्या व्यापाऱ्याला रोख विक्रीच्या शेकडा आठ नफा धरून विवरण भरता येते. बारा लाखांवर शहाण्णव हजार. दुसरी मिळकत नसेल, तर त्यावर आयकर लागतच नाही. लपवले ते कशासाठी, सांगा!

खरी अडचण आहे उधारीची. नव्वद दिवसांपलीकडची उधारी बँका सहसा धरत नाहीत, आणि आपली उधारी तर मृगापासून दिवाळीपर्यंत चालते. "रामभाऊकडे बाकी" एवढेच लिहिले, तर ती बुडीतच दिसणार. तारीख, माल, रक्कम आणि कोणत्या पिकावर फेड, असे लिहिलेले असेल, मागच्या साली ती वसूल झाल्याची नोंद असेल, तर साहेबाशी बोलायला जागा राहते.

गुरुजी, हे काम तुमच्या सातवीतल्या मुलामुलींना सहज जमेल. दुकानदाराच्या घरचे पोर वर्गात असेलच. त्याला रोज रात्री रोजमेळ लिहायला बसवा. गल्ल्यातली शिल्लक आणि वहीतली शिल्लक जुळेपर्यंत उठू देऊ नका.