नातवाला घरात ठेवलं म्हणून

आज आम्ही एका आजीची गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट अमेरिकेतली आहे, पण अगदी खरी आहे.

ओहायो राज्यात ईस्ट क्लीव्हलँड नावाचं शहर आहे. तिथं इनेझ मूर नावाच्या बाई स्वतःच्या घरात राहायच्या. सोबत त्यांचा एक मुलगा, त्याचा मुलगा आणि दुसऱ्या मुलाचा मुलगा जॉन. जॉनची आई वारली म्हणून तो आजीकडे आलेला. आपल्याला यात नवल ते काय? आई गेली की लेकरू आजीच्याच पदराखाली येतं.

पण १९७३ साली नगरपालिकेची नोटीस आली. जॉन या घरात बेकायदा राहतो, त्याला हलवा!

असं कसं झालं? आपल्याकडे शेतजमिनीवर घर बांधायचं तर एनए करावं लागायचं. शहराच्या आराखड्यात कुठे वस्ती, कुठे कारखाने हे ठरलेलं असतं. तिथं याला झोनिंग म्हणतात. १९२६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं झोनिंगला मान्यता दिली. तो खटलाही क्लीव्हलँडजवळच्याच युक्लिड गावचा. ‘एका घरात एकच कुटुंब’ असेही नियम झाले. ईस्ट क्लीव्हलँडनं तर कुटुंब म्हणजे कोण, हेसुद्धा लिहून ठेवलं. आजीजवळ एका मुलाची मुलं राहिली तर चालतील, दोन मुलांची नाही. म्हणजे दोघं नातू सख्खे भाऊ असते तर हरकत नव्हती. चुलत भाऊ निघाले, हाच गुन्हा!

मूरबाईंनी नातवाला काढलं नाही. खटला झाला. पाच दिवस कैद आणि २५ डॉलर दंड अशी शिक्षा झाली. बाई वरच्या कोर्टात गेल्या, तिथंही हरल्या, मग सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

नगरपालिका म्हणाली, गर्दी होते, गाड्या वाढतात, शाळांवर भार पडतो. न्यायमूर्ती पॉवेल यांनी याचा चांगला समाचार घेतला. नवरा-बायको आणि त्यांच्या बिनलग्नाच्या मुलांच्या मिळून सहा गाड्या असल्या तरी या नियमाला चालतं, आणि मोठी झालेली बहीणभावंडं बसनं फिरत असली तरी त्यांनी एकत्र राहायचं नाही, मग गर्दी कमी झाली कुठे? आजी, मावश्या, काका, चुलत भावंडं एका छपराखाली राहण्याची रीत जुनी आहे आणि तिलाही मान आहे, असं त्यांनी लिहिलं. हे आपल्या घरातल्या कुठल्याही म्हातारीनं कोर्टाला फुकट सांगितलं असतं.

१९७७ साली निकाल लागला. नऊ न्यायाधीशांपैकी पाच मूरबाईंच्या बाजूनं, चार विरुद्ध. एका मतानं वाचल्या! आणि ते पाचवं मत आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. चौघांनी कुटुंबाच्या हक्काचा आधार घेतला. पाचवे न्यायमूर्ती स्टीव्हन्स मालमत्तेच्या बाजूनं बोलले. घर बाईंचं आहे, त्यात कोणाला ठेवायचं हे मालकिणीनं ठरवायचं. घर बाईच्या मालकीचं होतं म्हणून हा मुद्दा उभा राहिला. विरुद्ध गेलेले मुख्य न्यायमूर्ती म्हणाले, बाईंनी आधी नगरपालिकेकडे सवलतीचा अर्ज करायला हवा होता. आता स्वतःच्या नातवासाठी कसला अर्ज?

पण हा निकाल रक्ताच्या नात्यापुरताच आहे बरं. तीनच वर्षं आधी, १९७४ साली, न्यूयॉर्क राज्यातल्या बेल टेअर गावात सहा विद्यार्थी एक घर भाड्यानं घेऊन राहत होते. नात्यात नसलेल्या दोघांपेक्षा जास्त माणसांनी एका घरात राहायचं नाही, असा त्या गावाचा नियम. त्याच न्यायालयानं तो योग्य ठरवला. म्हणजे अशा गावात तीन एकट्या बायकांनी एकमेकींच्या आधारानं एक घर करायचं म्हटलं, तर मूरबाईंचा निकाल त्यांच्या कामाचा नाही.