काळ्या काचेमागचा कान

(कसबा पेठेतील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत ‘घरच्या घरी वेल्डिंग : तोंडओळख’ असं छापलंय. दाराशीच दोघांनी विचारलं, प्रात्यक्षिक आहे का? नाही. इथला पडदा सुती आहे. (हशा)

विजेच्या ठिणगीने लोखंड का वितळतं, हे शाळेत झालंय; सोडून देतो. इतिहासही झटपट उरकतो. रशियात बेनार्दोस यांनी १८८० च्या दशकात कार्बनच्या कांडीने लोखंड जोडलं, आणि स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉडवर लेप चढवला. तो लेप जळतो, त्याच्या वायूमुळे वितळलेल्या लोखंडाला हवा लागत नाही, वर स्लॅगचा पापुद्रा धरतो. झालं.

आता माझं म्हणणं. वेल्डिंग कानाने शिकायचं. हसू नका. दहा-अकरा नंबरची काळी काच तोंडासमोर धरली की ठिणगी पेटेपर्यंत मिट्ट अंधार. पेटल्यावर नवशिक्याची नजर उजेडाकडे जाते, बघायचं असतं त्यामागचं वितळलेलं डबकं. त्या गडबडीत खरं सांगतो तो आवाज. रॉड जेवढ्या जाडीचा, जवळपास तेवढंच अंतर ठेवलं तर पत्र्यावर संततधार लागल्यासारखा एकसुरी आवाज येतो. रॉड लांब गेला की फडफड सुरू होते आणि शिंतोडे उडतात. फार टेकवला की आवाज दबतो आणि रॉड चिकटतो.

हे कसब्यात पटवून द्यावं लागतं, याचंच नवल वाटतं. आपली तांबट आळी कुठे लांब आहे? त्वष्टा कासार मंडळी तिथे मठारकाम करतात. ठोक्याशेजारी ठोका बसतो, तांबं कडक होतं आणि भांड्याला ती चमकती नक्षी येते. आपण तिथून जाताना कानावर हात ठेवतो. एकदा हात काढून ऐका; ठोका कसा मापात पडतो!

मागून कोण विचारतंय, मशीन कुठलं? सिंगल फेजचं इन्व्हर्टर मशीन घ्या. रॉड ६०१३, अडीच मिलिमीटरचा. करंट ६० ते ९० अँपिअर. ८० अँपिअरला ठिणगीपाशी तेवीसेक व्होल्ट असतात, म्हणजे वीज साधारण गिझरइतकीच लागते. वायरिंग आणि अर्थिंग धड असेल तर १६ अँपिअरचं सॉकेट पुरतं. मशीनवर २०० लिहिलंय म्हणून २०० वर फिरवू नका.

आमच्या वाड्यात एकदा कुंड्यांचा स्टँड करायला घेतला. ‘करायला घेतला’ म्हणतोय, कारण आधी चौक कुणाचा, यावर सभा झाली. मालक म्हणाले माझा, भाडेकरू म्हणाले वहिवाटीचा. काकू म्हणाल्या, कुंड्या माझ्या, बाकी तुमचं तुम्ही बघा. (हशा) शेवटी काम सुरू झालं, तर गॅलरीत नाना उभे. म्हटलं, “अहो नाना, आत जा.” “तू तुझं काम कर रे, मी गॉगल लावलाय.” उन्हाचा गॉगल! संध्याकाळी नाना ठणठणीत. मध्यरात्री उठून बसले; डोळ्यांत वाळू, पाण्याची धार. घरच्यांनी बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. धाकट्या सुनेने दोष मंडळाच्या दिव्यांना दिला, मंडळाच्या कार्यकर्त्यांनी तो माझ्याकडे पाठवला. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा अतिनील किरणांचा दाह, काही तासांनीच उमटतो. दोन दिवसांत उतरला. तेव्हापासून नाना खाली सतरंजीवर, पाठ करून बसतात. अन् तिथून ओरडतात, “लांब गेलास!” दरवेळी बरोबर! त्यांनी आयुष्यात रॉड धरलेला नाही. (टाळ्या)

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. चिठ्ठ्या आल्यात, त्या घेतो. ‘लाकडी वाडे आहेत, आग लावणार का?’ रास्त आहे. जिन्याखाली, माळ्यावर, गॅसजवळ वेल्डिंग मी सांगितलेलंच नाही. उघडा चौक, कोरडी फरशी, कोरडे चामडी हातमोजे आणि बूट, शेजारी वाळूची बादली. दुसरी चिठ्ठी, ‘कारखान्यात तर कानात बोळे घालतात.’ ग्राइंडर चालू असेल तेव्हा मीही घालतो. घरी रॉड पेटवताना ग्राइंडर बंद ठेवायचा. तिसरी, ‘मोबाइलवर बघून जमेल का?’ बघा की. पण ही मंडळी नेमका आवाज घालवून वर गाणं लावतात!

एक राहिलंच. जुन्या बाजारातून जीआयचा पाइप आणाल, तर त्यावर चढवलेलं जस्त काढल्याशिवाय जोडू नका. जस्त ९०७ अंशांना उकळतं, लोखंड वितळतं दीड हजाराच्या आसपास. म्हणजे आधी धूर निघणार, आणि रात्री थंडी वाजून ताप.

एक मिनिट द्या, अध्यक्षमहाराज. या मोबाइलमध्ये तीन आवाज आहेत. ऐका… हा पहिला. हा दुसरा. हा तिसरा. चांगला कुठला? हात वर करा. तिसरा? बहुतेक सगळे तिसरा? मंडळी, तिसरा लांबलेला आहे. मोठा आवाज म्हणजे मोठं काम, ही आपली गणपतीतली सवय! (हशा) दुसरा बरोबर. पहिल्या रांगेतल्या आजींनी एकट्यांनी हात वर केला होता.

आजी, पुढच्या रविवारी चौकात या. भंगारातली पट्टी आणि रॉड मी आणतो. सुती साडी नेसून या, आणि काच माझ्याकडून घ्या.