घरसंसाराचें शिक्षण : शाळेंत हवें, पण कोणतें ?

(पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



शाळेंत मुलामुलींस स्वयंपाक, शिवण, घरखर्चाचा हिशेब, आजाऱ्याची शुश्रूषा व हत्यारें धरण्याचें काम शिकवावें, असें आम्हीं सुचवितांच आपल्यापैकीं पुष्कळांनीं तोंडावर विचारलें, "मास्तर, भाकरी थापावयास शिकण्यासाठीं का पोर शाळेंत धाडायची ?" हा प्रश्न रास्त आहे. कुणब्याची दहा वर्षांची मुलगी भाकरी करते. सुताराचा मुलगा रंधा आणि पटाशी आमच्यापेक्षां चांगली ओळखतो. जें घरांत येतें तेंच शाळेंत पुन्हां शिकविणें म्हणजे वेळेची नासाडी, हें आम्हांस मान्य आहे. आमचें म्हणणें, घरांत जें कोणासच येत नाहीं व ज्यावांचून घर बुडतें, तें शाळेनें द्यावें.

उदाहरण कर्जाचेंच घ्या. दारीं येऊन कर्ज देणारे आतां गांवोगांव फिरतात. समजा, कोणी 12,000 रुपये दिले, 12 महिन्यांत फेडायचे, व्याज शेकडा 12 टक्के. ऐकावयास दर हलका वाटतो. तो सपाट दर असला तर व्याज होतें 1,440 रुपये. पण दर महिन्यास तुम्ही 1,000 रुपये मुद्दल परत करीत असतां. मग परत केलेल्या पैशावर व्याज कशाचें? राहिलेल्या शिलकेवर महिन्यास शेकडा एक रुपया धरला, तर पहिल्या महिन्याचें व्याज 120, दुसऱ्याचें 110, तिसऱ्याचें 100, असें उतरत शेवटच्या महिन्याचें 10. बेरीज करा : 780. म्हणजे दर तोच, आणि 660 रुपये जास्त गेले. सांगणाऱ्यानें खोटें सांगितलें नाहीं. त्यानें "सपाट" हा एक शब्द मात्र गिळला. ही बेरीज सातवीच्या पोरास पांच मिनिटांत येते. पण शाळेंत तो कोणा व्यापाऱ्याच्या आंब्यांचा नफातोटा काढीत बसतो, आणि घरीं आई कर्जाच्या कागदावर अंगठा उठविते तेव्हां त्यास कोणी हांकही मारीत नाहीं. हें गणित अभ्यासांत आलें पाहिजे.

दुसरें दुखण्याचें. पोरास जुलाब लागले कीं पाणी बंद करावें, अशी समजूत अजून कित्येक घरांत आहे. शरीरांतील पाणी व क्षार निघून गेले म्हणजे पोर दगावतें, आणि त्याच वेळीं आपण त्याचें पाणी तोडतों ! 1971 सालीं पूर्व बंगालांतून आलेल्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकीची सांथ उसळली. शिरेंतून द्यावयाचें सलाइन संपूं लागलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ व साखर घातलेलें पाणी पिंपांत भरून ठेवविलें, आणि तें आजाऱ्यांस पाजण्याचें काम त्यांच्याच आयाबहिणींनीं केलें. शेंकडा तीसच्या घरांत असलेलें मरण चारांच्याही खालीं आलें. ही जलसंजीवनी अशी : उकळून गार केलेलें एक लिटर पाणी, त्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडतां कामा नये. पोर सुस्त पडलें, लघवी थांबली किंवा जुलाबांत रक्त दिसलें, तर वाटेंत हें पाजीत दवाखाना गांठावा. हें माप प्रत्येक मुलास, मुलग्यास सुद्धां, हातानें करून आलें पाहिजे. पुस्तकांत वाचून चमचा सपाट होत नाहीं.

हा विचार नवा नाहीं. जोतीराव फुले यांनीं 1882 सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन दिलें, त्यांत मोडी-बालबोध व हिशेबाबरोबर शेतकीचें प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे नियम खेड्यांतील शाळेंत शिकवावेत असें मागितलें होतें. "बरोबर" हा शब्द ध्यानांत ठेवा. त्यांनीं अक्षरांच्या ऐवजीं शेतकी मागितली नव्हती.

कारण या शिक्षणाचे वैरी जितके आहेत, त्यांहून त्याचे खोटे मित्र घातक. 1953 सालीं मद्रास राज्यांत राजगोपालाचारी मुख्यमंत्री असतां त्यांनीं खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठीं एक योजना काढली : मुलांनीं अर्धा वेळ शाळेंत बसावें आणि उरलेला वेळ बापाचा धंदा शिकावा. म्हणजे कुंभाराच्या पोरानें चाक फिरवावें, परटाच्या पोरानें कपडे धुवावेत. कारकुनाच्या पोरानें काय करावें, तें सांगावयास नकोच ! रामस्वामी पेरियार व त्यांच्या लोकांनीं रान उठविलें. 1954 सालीं राजाजी गेले आणि कामराज यांच्या सरकारनें ती योजना रद्द केली. मुलींच्या बाबतींत हाच डाव आमच्याकडे त्याहून आधीं खेळला गेला. 1884 सालीं पुण्यास पुढें हुजूरपागा म्हणून ओळखलें जाणारें मुलींचें हायस्कूल निघालें, तेव्हां मुलींस इंग्रजी कशाला, शिवणटिपण व घरकाम पुरे, असा ओरडा करणारे विद्वान निघालेच. म्हणून आमची अट साफ आहे. सुतारकी शिकवायची तर ती वाण्याच्या व मास्तराच्याही पोरास, आणि स्वयंपाक शिकवायचा तर मुलग्यांस आधीं. मुलींना तो येतोच. गणित, भाषा, विज्ञान यांचा एक तासही कमी करूं देणार नाहीं.

असें होऊं शकतें काय ? होतें. साताऱ्यास 1924 पासून कर्मवीर भाऊरावांच्या वसतिगृहांत नाना जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवीत आणि आपलीं कामें आपल्या हातांनीं करीत. त्यानें कोणाची विद्या घटली नाहीं. पुणें जिल्ह्यांत पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं 1983 सालीं विज्ञान आश्रम काढला. तेथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम पुढें राज्यांतील अनेक शाळांत गेला : आठवड्यास एक दिवस लोखंड-लांकूड, वीज, शेती-जनावरें आणि घर-आरोग्य हीं चारही कामें मुलगे व मुली दोघेही करतात. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा पदार्थ करतो. आणि शिकविण्यास गांवचाच कारागीर येतो. बापाच्या हातांतील कसबास शाळेच्या अंगणांत मान मिळालेला पाहून पोराच्या मनांत काय होत असेल, तें तुम्हीच ताडा.

आपल्या वेळापत्रकांतही कार्यानुभव म्हणून तास असतोच. त्या तासास बहुधा पुठ्ठ्याचा आकाशकंदील होतो, नाहींतर परीक्षा जवळ आली म्हणून गणिताचे मास्तर तो तास घेऊन जातात. तो तास आपण परत मागूं या.

आपल्याकडून आम्हांस पैसा नको. गांवच्या सुतारदादांनीं व शिंपीकाकांनीं पंधरवड्यास एक तास द्यावा. आयांनीं घरीं मुलग्यास आपलें ताट आपण धुवूं द्यावें. कोणी हंसलें तर हंसूं द्यावें. आणि येत्या शनिवारीं सातवीच्या मुलांबरोबर घरांतील कर्जाचा वा हप्त्याचा कागद, नांवावर पट्टी चिकटवून, पाठवावा. व्याज काढून संध्याकाळीं तो परत धाडूं.