औषधाची खिडकी आणि रुग्णाची खाट



वसंतातल्या व्याख्यानांना वाङ्मय, इतिहास, अध्यात्म असे विषय शोभतात. कामगार चळवळीतल्या माणसाने फार्मासिस्टच्या शिक्षणावर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. आमचे स्वतःचे शिक्षण गिरणीच्या फाटकाबाहेर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. पण औषधाच्या खिडकीपुढे रांगेत आम्ही इतकी वर्षे उभे राहिलो आहोत, की खिडकीमागचा माणूस काय शिकून येतो हे विचारण्याचा अधिकार आम्हांस पोचतो.

सक्करदऱ्याला दवाखान्यांची नवलाई नाही. १९४७ साली निघालेले ‘मेडिकल’ जवळच आहे, आयुर्वेद महाविद्यालय इथलेच, आणि सोमवारी पेठेत कामगार विम्याचे रुग्णालय आहे. विम्याची ही योजना १९५४ मध्ये नागपुरात आली, तेव्हा नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी होते. ती योजना कोणाच्या दानधर्मावर चालत नाही; कामगाराच्या पगारातून कापलेला आणि मालकाने भरलेला पैसा तिच्यात आहे. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली. भोंगा थांबला, दुखणी थांबली नाहीत. सुताच्या धुळीने धरलेली छाती, रक्तदाब, साखर, सांधे: एकेका घरात गोळ्यांची पिशवी भाजीच्या पिशवीएवढी झाली आहे.

त्या पिशवीतली एकच गोळी घेऊ. आमवाताने बोटे वाकडी होतात, त्यावर मेथोट्रेक्सेट नावाचे औषध देतात. औषध चांगले, स्वस्त आणि गुणकारी. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. तेच रोज घेतले तर तोंडात व्रण येतात, हाडांच्या मगजात रक्त तयार होण्याचे काम मंदावते, आणि माणूस दगावूही शकतो. या घोटाळ्याने अनेक देशांत माणसे गेली आहेत. यात नवल असे, की डॉक्टरने बरोबर लिहिलेले असते, खिडकीवरच्याने बरोबर मोजून दिलेले असते, आणि रुग्ण बाई मोठ्या श्रद्धेने, एक दिवस न चुकता, गोळी घेत असते! रोजच्या गोळ्यांची सवय असलेल्या माणसाला आठवड्याची गोळी ही कल्पनाच नवी असते. “बाई, ही तुम्ही कोणत्या वारी घेणार?” एवढा एक प्रश्न कोणी विचारायला हवा होता. “बुधवारी घ्या, बाजाराच्या दिवशी,” असे कोणी सांगितले असते, तर आमच्या सक्करदऱ्याची बाई ते जन्मात विसरली नसती.

हा प्रश्न कोणी विचारायचा? डॉक्टरपुढे रांग, खिडकीपुढेही रांग. आमच्या राज्यात सरकारी खिडकीमागच्या माणसाला ‘औषध निर्माण अधिकारी’ म्हणतात. बिचारा औषध निर्माण करीत नाही, आणि अधिकार म्हणावा तर गोळ्या मोजण्याचा. त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याला शिकवलेच तसे. पदविकेच्या दोन वर्षांनंतर त्याला निदान ५०० तासांचे प्रत्यक्ष काम करावे लागते आणि त्यांतले २५० तास चिठ्ठीप्रमाणे औषध देण्यात जावे लागतात. म्हणजे चिठ्ठी हातात येते, रुग्णाची खाट दिसत नाही.

ही खाट दाखवण्याची रीत अमेरिकेत जुनी आहे. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात हार्वे व्हिटनी यांनी १९२७ मध्ये शिकाऊ फार्मासिस्टना रुग्णालयातच घडवायला आरंभ केला. पुढे त्याचे पदवीनंतरचे वर्षभराचे निवासी शिक्षण झाले, आणि आज ते लहान गावांतल्या रुग्णालयांतही चालते. आपल्याकडे २००८ च्या नियमांनी फार्म डी हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आला. त्यातले अखेरचे वर्ष रुग्णालयात: सहा महिने सामान्य औषधोपचार विभागात, आणि दोन-दोन महिने दुसऱ्या तीन विभागांत. विद्यार्थी डॉक्टरांबरोबर फेरीला जातो, एक औषध दुसऱ्याशी भांडते काय ते पाहतो, मूत्रपिंड थकलेले असेल तर मात्रा कमी करण्याची सूचना देतो, घरी निघालेल्या रुग्णाला समजावून सांगतो. हे आम्हांस मनापासून पसंत आहे.

आमची तक्रार दुसरी आहे. नियमाने हे शिक्षण निदान ३०० खाटांच्या रुग्णालयात व्हावे लागते. हेतू वाईट नाही. मोठ्या ठिकाणी विविध रोग दिसतात. पण मोठ्या रुग्णालयातला रुग्ण आठ दिवसांत घरी जातो. तीस वर्षे त्याच रक्तदाबाची गोळी नेणारा, आणि गुडघा दुखतो म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून वेदनाशामक परस्पर घेणारा माणूस वस्तीतल्या लहान दवाखान्यात भेटतो. त्या वेदनाशामकाने रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर भार येतो. डॉक्टर मात्र रक्तदाबाचीच गोळी वाढवतो, कारण दुसरी गोळी त्याला कोणी सांगितलेलीच नसते. एम.बी.बी.एस. झालेल्या मुलाला उमेदवारीच्या वर्षात काही काळ लोकांमध्ये, प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतात. मग या मुलांना वस्तीच्या रुग्णालयात दोन महिने का पाठवू नये? फार्मसी परिषदेने एवढे करावे, आणि कामगार रुग्णालयांनी त्यांना दार उघडावे.

आणि दार उघडताना त्यांना फुकटचे मजूर समजू नये. काम करून घ्यायचे तर दाम द्यायचा. हा नियम आम्ही कोणत्या राजपत्रात शोधायला जात नाही. वर्ष संपल्यावर त्या मुलामुलींसाठी वॉर्डात मंजूर जागाही हवी. नाही तर सहा वर्षे शिकलेली मुलगी औषध कंपनीची विक्री करीत फिरेल, आणि खिडकीपुढची रांग आहे तशीच राहील. संघटना पगारवाढ मागतात, बोनस मागतात. त्या मागणीपत्रात ‘वॉर्डात एक फार्मासिस्ट’ ही ओळ घालायला कोणाची हरकत असावी?

ती जागा निर्माण होईपर्यंत घरच्या घरी करण्यासारखे एक काम आहे. पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाल तेव्हा घरातल्या सगळ्या गोळ्या, दुकानातून आणलेल्या, शेजारणीने दिलेल्या, वैद्यांच्या पुड्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्या, आणि त्यांच्या टेबलावर ओता. थोडे रागावतील. रागावू द्या.