पाय चेपण्याची सेवा

(शताब्दी सोहळ्यात सेवेकरी मंडळींच्या वतीने केलेले भाषण)



व्यासपीठावरचे महाराज, विणेकरी, चोपदार, टाळकरी आणि डोईवर तुळस घेऊन चालणाऱ्या माता-भगिनींना आम्हा सेवेकऱ्यांचा दंडवत. आम्ही काही कीर्तनकार नव्हे. आमचं काम रात्रीचं. पंगत उठली की तेलाची बाटली अन् काशाची वाटी घेऊन बसायचं. बायकांच्या राहुटीत बायका, पुरुषांच्या राहुटीत पुरुष.

पुणे ते सासवड हा मोठा टप्पा, 30 किलोमीटरच्या आसपास आणि त्यात दिवे घाट. त्या रात्री पोटऱ्या दगडासारख्या होतात. नवख्या सेवेकऱ्याला वाटतं, जोर लावला की मोकळ्या होतील. तसं नाही. आधी पाय धुवून, बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे पुसायचे. खाली वळकटी द्यायची. तिळाचं तेल आपल्या तळहातांवर चोळून ऊबदार करायचं आणि घोट्याकडून गुडघ्याकडे, म्हणजे हृदयाच्या दिशेनं, हात सावकाश फिरवायचा. नडगीच्या हाडावर आणि गुडघ्यामागच्या खळगीत दाब नको. मग टाचेपासून बोटांपर्यंत अंगठा, शेवटी काशाची वाटी. फोडावर हात नाही आणि फोड फोडायचाही नाही.

हे सगळं येत असूनही एका वारीत आमच्या हातून चूक घडली. एक वयस्कर माउली, मधुमेहानं पाय बधिर झालेले. आम्ही घमेल्यात ऊन पाणी दिलं. "सोसतंय का?" विचारलं. "सोसतंय," म्हणाले. सकाळी तळव्यांना टरटरून फोड! पायालाच कळत नव्हतं, तर ते सांगणार काय? पुढची वाट त्यांना गाडीतून करावी लागली. त्यांनी आम्हाला बोल लावला नाही. उलट आमच्याच पाया पडले. ते आजही टोचतं. तेव्हापासून पहिला प्रश्न, "साखरेचा त्रास आहे का?" आणि पाण्यात पहिलं आपलं कोपर.

आणखी एक पक्कं ध्यानात ठेवा. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखत असली, तर ती चोळायची नाही. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. तिथं आपली सेवा एवढीच, की माणसाला लगेच डॉक्टरांकडे पोचवायचं.

पुष्कळ जण पाय आखडून घेतात. "पायाला हात नको, माउली," म्हणतात. आम्ही म्हणतो, दिवसभर आपण एकमेकांच्या पाया पडतोच की, आता जरा जास्त वेळ पडू द्या! मग हसतात आणि पाय सैल सोडतात.

दिंडीला 100 वर्षं झाली. पताका आपण सगळ्यांनी पाहिल्या. ती 100 वर्षं चाललेले पाय रात्री कंदिलाच्या उजेडात आमच्या वाडवडिलांनी पाहिले. तरुणांनो, यंदा एक रात्र आमच्याजवळ येऊन बसा. हात आम्ही शिकवू. विचारपूस मात्र तुमची तुम्हालाच करावी लागेल.

राम कृष्ण हरी.